लग्न हे औषध नाही

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला आणि त्यावरील फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या. कायदा करायचा तर संसदेने करावा, असे न्यायालयाचे म्हणणे आहे आणि संसदेला त्याची काही घाई दिसत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी समलिंगी माणसाला आपल्या जोडीदाराशी लग्न करता येत नाही. गावाकडे याच्या उलट तऱ्हा आहे. तिथे समलिंगी मुलाला किंवा मुलीला लग्न करावेच लागते, फक्त ते घरच्यांनी पाहिलेल्या स्थळाशी. अनेक घरांत तर हे लग्न चक्क उपचार म्हणून लावले जाते. विवाहाच्या हक्कावर भरपूर चर्चा झाली. लग्नाच्या या दुसऱ्या वापराबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही, आणि तो तर सरळ आरोग्याचा प्रश्न आहे.

मावळातले भाजे गाव उदाहरणादाखल घेऊ. मळवली स्टेशनवर उतरायचे, एक्स्प्रेस-वे ओलांडायचा की थोड्याच अंतरावर गाव आणि वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली लेणी. मागे लोहगड आणि विसापूर, समोरच्या डोंगरात कार्ले आणि एकवीरा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. खोल्या भाड्याने देणे हा आता इथला चांगला धंदा आहे. मुंबई-पुण्याचे दोन तरुण येतात, एकच खोली घेतात, पिठलं-भाकरी खातात आणि जातात. त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे कुणी विचारत नाही. पण त्याच घरातला मुलगा लोकलने तासा-सव्वातासाचा प्रवास करून पुण्याच्या कॉलेजात जात असेल आणि त्याला मुलगेच आवडत असतील, तर ही गोष्ट सख्ख्या बहिणीला सांगायलाही त्याची जीभ रेटत नाही. शिवाजीनगरला उतरल्यावर तो जसा हसतो-बोलतो, तसा मळवलीला उतरल्यावर बोलत नाही. कामशेत मागे पडले की फोनमधले मेसेज पुसायचे, हा रोजचा नेम होऊन बसतो.

इंग्रजीत ज्याला 'कमिंग आउट' म्हणतात, त्याला मराठीत नेमका शब्द अजून रुळलेला नाही. 'सांगणे' म्हणावे, तर त्यात सांगणारा स्वतःहून, वेळ ठरवून, समोरचा माणूस निवडून बोलतो आहे असे गृहीत धरलेले असते. गावात बहुतेक वेळा सांगितले जात नाही, ते कळते. भावाच्या हाती फोन लागतो. शेजारच्या कुणीतरी स्टेशनवर पाहिलेले असते. मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी वहीत सापडते. आपण होऊन सांगणे आणि पकडले जाणे यांत वैद्यकीय दृष्टीने मोठा फरक आहे. पहिल्यात थोडा तरी ताबा त्या माणसाच्या हाती असतो. दुसऱ्यात तो एका क्षणात जातो, आणि त्यानंतरचे काही दिवस आत्मघाताच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे ठरू शकतात. अशा वेळी फोन काढून घेणे, कॉलेज बंद करणे आणि खोलीत कोंडणे, ही घरच्यांची नेहमीची प्रतिक्रिया नेमकी चुकीची असते. कारण ज्या एक-दोन माणसांशी तो किंवा ती बोलू शकत होती, त्यांच्याशीच संपर्क तुटतो.

मग उपचार सुरू होतात. काही घरांत आधी 'बाहेरचे' बघितले जाते, अंगारा होतो, नवस होतो. नवसाने सहसा कुणाचे बिघडत नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण झाली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. त्यानंतर डॉक्टर. आणि डॉक्टरकडून समाधान झाले नाही की लग्न. कधी कधी लग्नाचा सल्ला देणारा डॉक्टरच असतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण खरी आहे. 'वय आहे, लग्न करून द्या, आपोआप लायनीवर येईल,' हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, तरी ते ओपीडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

आई-वडील डॉक्टरकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'हार्मोन कमी आहेत का, तपासा ना.' समलिंगी पुरुषाच्या रक्तात पुरुष हार्मोन कमी असतात, हा निव्वळ गैरसमज आहे. अशा माणसाला ते हार्मोन इंजेक्शनने दिले, तर फार तर इच्छा वाढेल, इच्छेची दिशा बदलणार नाही. उलट बाहेरून दिलेल्या हार्मोनमुळे वीर्यातील शुक्राणू कमी होऊ शकतात. म्हणजे नातवंडाच्या आशेने केलेला उपाय नेमका नातवंडाच्याच मुळावर यायचा. दुसरा प्रश्न संगतीचा आणि मोबाइलचा. मोबाइलमुळे त्या मुलाला आपल्यासारखे आणखी कुणी आहे हे कळते, एवढे खरे. कल काही मोबाइलमधून येत नाही. तो नेमका कशाने ठरतो, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या अभ्यासात 'समलिंगी जनुक' असे एकच एक जनुक सापडले नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा आहे आणि त्यावरून एखाद्याचा कल ओळखता येत नाही, एवढाच निष्कर्ष निघाला. मोठे भाऊ जितके जास्त, तितकी धाकट्या मुलाच्या बाबतीत ही शक्यता थोडी वाढते, असेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. आईच्या लाडाने किंवा बापाच्या धाकाने हे घडते, याला मात्र पुरावा नाही. आयांनी तरी स्वतःला दोष देणे थांबवावे.

आणखी एक घोळ नेहमी होतो. मुलाला मुलगे आवडतात म्हटले की 'म्हणजे तो तृतीयपंथी आहे का?' असा प्रश्न येतो. कुणाबद्दल ओढ वाटते हा एक भाग. आपण स्वतःला बाई समजतो, पुरुष समजतो की दोन्ही नाही, हा वेगळा भाग. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच समजतो. पारलिंगी व्यक्तीचे वैद्यकीय प्रश्न वेगळे असतात, त्यांना कधी हार्मोन किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला देऊन चालत नाही.

मराठी वाचकाला हा विषय पाश्चात्त्य वाटतो, म्हणून एक जुनी गोष्ट सांगायला हवी. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. त्यात वाचकांच्या खासगी लैंगिक शंकांना ते उत्तरे देत, आणि त्या शंकांत समलिंगी आकर्षणाचा प्रश्नही असे. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात शंका असतील आणि जाणकाराने त्यांना ज्ञानाच्या आधारे उत्तरे दिली तर त्यात अश्लील काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण विचार करा, जगातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ही गोष्ट आजारांच्या यादीतून काढण्याच्या तब्बल चार दशके आधी मुंबईच्या न्यायालयात मराठी मासिकामुळे हा वाद झडला होता.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. १९७३ च्या निर्णयात पुढाकार असलेले डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांनीच २००३ मध्ये, २०० लोकांच्या मुलाखतींवरून, काही जणांचा कल उपचारांनी बदलतो असा निबंध प्रसिद्ध केला. कल 'बदलून देणाऱ्यांनी' तो जगभर नाचवला. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी आपला अभ्यास सदोष होता हे मान्य करून जाहीर माफी मागितली. आपल्याकडे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये हा आजार नाही असे स्पष्ट म्हटले, त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कल बदलण्याचे 'उपचार' म्हणजे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. त्याच आयोगाने ऑगस्ट २०२४ च्या नव्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकशास्त्राच्या धड्यात स्त्री-स्त्री संबंध 'अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां'त पुन्हा घातले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतले. हे विसरून चालणार नाही. वर्गात शिकवलेले मागे घेता येते. वीस-तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या डॉक्टरांच्या डोक्यातून ते कोण काढणार?

लग्नाच्या उपचाराने एका निरोगी माणसाचे दोन रुग्ण होतात. दुसरा रुग्ण म्हणजे ती मुलगी, जिला काहीच सांगितलेले नसते. लग्नानंतरचे पहिले काही महिने तिला वाटते, नवरा लाजाळू आहे. मग वाटते, आपल्यातच काही कमी आहे. दोन वर्षांनी सासू विचारू लागते आणि ती तपासणीला येते. तपासणी आधी तिचीच होते, हे सांगायला नको. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, सगळे नॉर्मल. नवऱ्याचाही रिपोर्ट नॉर्मल. 'संबंध किती वेळा येतात?' हा प्रश्न सासूसमोर विचारला तर दोघेही 'नॉर्मल' म्हणतात. एकेकट्यांना विचारला तर ती रडते. वंध्यत्वाच्या ओपीडीत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या अशा जोडप्यांचा खरा प्रश्न केसपेपरवर कधीच येत नाही. तिकडे नवरा झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांपैकी एकाच्या आधाराने दिवस काढत असतो. सत्य बाहेर पडते तेव्हा दोष पुन्हा तिच्याकडे जातो: 'बायकोला नवरा सांभाळता आला नाही.'

मुलगी समलिंगी असेल, तर हाच उपचार आणखी क्रूर होतो. पुरुषाला टाळता तरी येते. तिच्या 'नको'ला लग्नानंतर किंमत राहत नाही. पोटाच्या खालच्या भागातले दुखणे, वारंवार झटके आल्यासारखे होणे, दातखीळ बसणे अशा तक्रारी घेऊन आणलेल्या नवविवाहितेला एकटीला बोलते करायला हवे. तिच्या 'फिट्स'चा ईईजी काढून भागत नाही. घरातून निघून मैत्रिणीकडे गेलेल्या प्रौढ मुलींना पोलिसांकरवी परत आणले जाते, तेव्हा न्यायालयेही पूर्वी 'समुपदेशन करा' म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयांना यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. समुपदेशनाच्या नावाखाली त्या व्यक्तीचा कल किंवा ओळख बदलण्याचा प्रयत्न होऊ नये, हे त्यांत स्पष्ट आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये अशाच दोन मुलींच्या प्रकरणात वेगळी वाट धरली होती. आपल्यालाच हा विषय नीट कळत नाही म्हणून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतले आणि मग निकाल लिहिला. डॉक्टरांनी याचा थोडा मत्सर करायला हरकत नाही.

लपवण्याची किंमतही शरीर मोजत असते. सतत सावध राहणे, कोण काय बोलले याचा अंदाज घेत राहणे, प्रत्येक वाक्यात 'तो'चे 'ती' करून बोलणे, याने झोप उडते, छातीत धडधडते, आम्लपित्त होते. त्याला ईसीजी आणि गोळ्या मिळतात. अल्पसंख्याकांवरच्या या ताणाचा अभ्यास जगभर झाला आहे आणि नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे विचार समलिंगी व्यक्तींत अधिक आढळतात, ते कलामुळे नव्हे तर या ताणामुळे, याबद्दल तज्ज्ञांत फारसे दुमत नाही. डेटिंग अॅपवरून ओळख काढून, आडबाजूला बोलावून मारायचे, लुटायचे आणि 'घरी सांगू' म्हणून पैसे उकळायचे, हा गुन्हाही आता अपवाद राहिलेला नाही. असा मुलगा टाके घालायला येतो आणि 'गाडीवरून पडलो' सांगतो. त्यात जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची जागा घेणारे काहीच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली, तर तिच्यासाठी वेगळे कलम उरलेले नाही. संमतीचे संबंध मोकळे करताना बळजबरीविरुद्धचे संरक्षणही गेले, हे नव्या कायद्यातले मोठे भगदाड आहे.

मग घरी सांगावे की नाही? शहरातल्या मोर्चांतून कधी कधी असा सूर निघतो की प्रत्येकाने सांगितलेच पाहिजे. हे बरोबर नाही. २०१७ च्या डिसेंबरअखेर, कलम ३७७ पूर्ण लागू असताना, अमेरिकेत राहणाऱ्या एका तरुणाने आपल्या मूळ गावी, यवतमाळात, जोडीदाराबरोबर लग्नसोहळा केला. वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. त्याचे धैर्य मोठेच. पण परत जायला त्याच्याकडे घर होते आणि पगार होता. मळवलीहून लोकल पकडणाऱ्या मुलाची फी, जेवण आणि छप्पर सगळे वडिलांच्या हाती असते. त्याने आधी एका माणसाला सांगावे, ज्याची खात्री आहे अशा. ती आत्या असेल, वहिनी असेल, शाळेतला मित्र असेल. घरात कधी मारहाण झाली असेल, तर आधी जायची जागा ठरवावी. परीक्षेच्या तोंडावर, भांडणाच्या भरात, सणाला सगळे जमलेले असताना सांगू नये. आणि कधीच सांगितले नाही तरी तो काही भेकड ठरत नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टने या विषयाला मराठी भाषा दिली, मराठीतून पुस्तके काढली. 'मला काय वाटते' हे आईला समजेल अशा शब्दांत कसे सांगायचे, ही अडचण इंग्रजी संज्ञांनी सुटत नाही.

जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र आहे, मराठीतही बोलता येते. फोन आई-वडिलांनीही करावा. कारण या सगळ्यात समुपदेशनाची खरी गरज बहुधा त्यांनाच असते. त्यांनी मनात रंगवलेली वरात, सून, नातवंडे एका संध्याकाळी पुसली जातात. शिवाय आता भावकीत त्यांनाही काही तरी सांगावे लागणार असते. म्हणजे मुलाने जे वर्षानुवर्षे सोसले, ते आता त्यांच्या वाट्याला येते. त्यांच्या रडण्यावर कुणी रागावू नये. फक्त त्या रडण्याच्या भरात स्थळे बघायला सुरुवात करू नये.

सरकारी ओपीडीत एका रुग्णाला पाच-सात मिनिटेही मिळत नाहीत, हे खरे. पण तेवढ्यातही बरेच होते. आई-वडिलांना बाहेर बसवून मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलणे. झोप, जेवण, आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण, एवढे विचारणे. मग सगळ्यांना आत घेऊन, त्या मुलाची परवानगी असेल तर, 'हा आजार नाही, याला औषध नाही, लग्न लावू नका' ही तीन वाक्ये स्पष्ट मराठीत उच्चारणे. पांढऱ्या कोटातून आलेले हे शब्द गावात वजनदार ठरतात. केसपेपरवर कल लिहायची काही गरज नसते. गावाजवळच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा माणूस कुणाचा तरी चुलतभाऊ असतोच.

जोडीदाराबरोबर राहणाऱ्यांसाठी अलीकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यापाठोपाठ २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला अटकाव नाही, शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एकाच घरातले समजावे, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, अशी पत्रे संबंधित खात्यांनी काढली. रुग्णालयात मात्र 'नातेवाईक कोण?' हा प्रश्न आला की अजूनही गडबड होते. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते, हे अनेक रुग्णालयांनाही आठवण करून द्यावे लागते. मानसिक आजाराच्या उपचारांपुरती सोय तर कायद्यातच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १४ प्रमाणे कुणाही प्रौढाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः नेमता येतो आणि तो रक्ताचा नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर त्या माणसाचे नाव लिहून खाली सही किंवा अंगठा केला तरी चालतो. त्या कागदाची एक प्रत जोडीदाराजवळ असू द्यावी, एक फोनमध्ये.